डावा बूट

बॅलेच्या समूहात नाचणाऱ्या बाईचं काम चोख झालं की नाही, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. तिच्या सख्ख्या आईला ती ओळखू आली नाही, तर काम चोख झालं.

या हिशेबाने माझं काम फारच चोख आहे. आईने मला आजवर दोनदा रंगमंचावर पाहिलं आणि दोन्ही वेळा दुसरीलाच पाहिलं. पहिल्या खेपेला म्हणाली, "डावीकडून दुसरी तू होतीस ना? काय गोड हसत होतीस." मी मागच्या रांगेत होते आणि हसत नव्हते. त्या अंकात आम्ही सगळ्या तळ्यात बुडून मेलेल्या बायका होतो. डावीकडून दुसरी हसली म्हणून तिला नंतर सगळ्यांदेखत बोलणी बसली.

दुसऱ्या खेपेला आईने प्रयोगभर एका मुलीवरून नजर काढली नाही. घरी जाऊन मावशीला फोन केला की पोरगी अगदी कापसासारखी उडत होती. ती पोरगी पेन्सिल होती.

पेन्सिल म्हणजे माझ्या शेजारच्या आरशापुढे बसणारी. लांब, बारीक आणि टोकदार, म्हणून पेन्सिल. ती माझ्यापेक्षा बरीच लहान आहे, पण माझे केसांचे आकडे, माझी टाल्कम पावडर आणि माझा कंगवा ती हक्काने वापरते. मला कंपनीतल्या पोरी आजी म्हणतात. मी चौतिशीची आहे. ज्या धंद्यात पस्तिशीनंतर माणसाची फक्त आठवण काढतात, तिथे मी आजीच झाले. आधी राग यायचा. आता कुणी नावाने हाक मारली तर वाटतं, काहीतरी चुकलं वाटतं माझं.

आई एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात इस्त्रीवर आहे. दिवसभर वाफेत उभी असते. तिला माझं काम काय आहे ते कळतं, फक्त ते मी कुठे उभी राहून करते ते कळत नाही. "सगळ्या सारख्याच दिसता गं," ती म्हणते. "आमच्या चादरी बऱ्या, निदान कोपऱ्यात शिक्का तरी असतो."

तर या हंगामात मला शिक्का मिळणार होता.

'मिठाची राणी' नावाचा आमचा एक जुना बॅले आहे. दोन बहिणी, धाकटी राणी होते आणि थोरली राजवाडा सोडून मिठागरातून एकटी चालत निघून जाते. त्या थोरलीचा नाच दुसऱ्या अंकाच्या शेवटी आहे. रंगमंच रिकामा, मागे पांढरा पडदा, आणि ती एकटी. भूमिका जिची, ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिच्या जागी संध्याकाळच्या प्रयोगांना मोठ्या नावाच्या बाया आल्या, आणि रविवारचा दुपारचा एक प्रयोग उरला. तो मला दिला. पर्यायी म्हणून पेन्सिलचं नाव लागलं. म्हणजे मी नाचायचं आणि तिने तालमीत माझ्या मागे उभं राहून सगळं शिकून ठेवायचं.

मी त्याच दिवशी आईला फोन केला.

"एकटीच?" आई म्हणाली. "मग बाकीच्या कुठे गेल्या?"

"बाकीच्या नसतात आई त्या नाचात. मी एकटीच असते."

मग म्हणाली, "म्हणजे दुसऱ्या कुणाला बघायचं म्हटलं तरी बघता येणार नाही."

"नाही."

"मग येते मी. रजा टाकते."

माझ्या आईने रजा टाकणं म्हणजे काय ते तिच्या मुकादमालाच विचारा. दादाच्या लग्नालासुद्धा ती सकाळची पाळी करून आली होती. फोन ठेवल्यावर मी जिन्यात बसून रडले, आणि ते कुणी बघायच्या आत तोंड धुऊन तालमीला गेले. मला ती भूमिका टाळ्यांसाठी नको होती. मला फक्त एवढंच हवं होतं की माझ्या आईने एकदा तरी मलाच बघावं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डावा पाय दुखायला लागला.

पायाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटामागच्या हाडावर, आतून कुणी टाचणी टोचल्यासारखं. आधी फक्त उडी मारून खाली येताना, मग जिना उतरताना, मग नुसतं उभं राहताना. मला काय झालंय ते कळत होतं. आमच्यात हे सगळ्यांना कळतं. हाडाला केसाएवढी चीर जाते आणि ती वाढत राहते. फिजिओकडे गेलं की तो घरी बसवतो. मी गेले नाही.

कंपनीत दुखणं हा गुन्हा नाही. सगळ्यांचंच काहीतरी दुखत असतं. घरोघरी मातीच्या चुली. दुखणं दिसलं की मात्र संपलं. शिवाय पाय दुखतो असं म्हणायला तोंड उघडलं की कुणीतरी "नाचता येईना, अंगण वाकडं" म्हणणारच. ती म्हण बहुतेक आमच्याच कुणाच्या तरी सासूने काढली असावी. म्हणून मी गप्प बसले. जिना सगळे उतरून गेल्यावर उतरायचे. घरी बादलीत बर्फ टाकून त्यात पाय सोडून जेवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि रविवार काही फार लांब नव्हता.

ती मूठ मी माझ्याच हाताने उघडली. तीही कॅमेऱ्यासमोर, हसत हसत.

त्याचं असं झालं. आमच्या कंपनीने या वर्षी एक प्रसिद्धीवाली नेमली. पोरगी वाईट नाही. फक्त तिला सगळंच गोड दिसतं. तिने 'पडद्यामागची झलक' नावाचं एक प्रकरण सुरू केलं. दर आठवड्याला एकेका नर्तकाने फोनवर स्वतःचा छोटा व्हिडिओ करायचा, आणि ती तो कंपनीच्या पानावर टाकणार. लोकांना म्हणे आमच्या आयुष्याची झलक हवी असते.

"एकदम खरं खरं दाखवायचं," ती आम्हाला म्हणाली. "पण छान दिसलं पाहिजे."

मग आम्ही छान दिसणारं खरं दाखवायला लागलो. एकीने सकाळचा व्यायाम दाखवला, खिडकीतून ऊन येत असताना. ती खिडकी उघडत नाही आणि आत घामाचा वास कोंडून असतो, ते व्हिडिओत येत नाही. एकाने मित्राला उचलून गरगर फिरवताना दाखवलं. तो मित्र आणि तो भांडल्याला वर्ष झालं होतं. नखं काळी पडून गळतात, पोटात काही ठरत नाही, पस्तिशी जवळ आलेली बाई दर वसंतात डायरेक्टरच्या दाराकडे कशी बघते, हे कुणी दाखवलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर त्याचा व्हिडिओ. लोक खाली लाल बदामाची खूण पाठवायचे. हजारो बदाम.

माझी पाळी आली तेव्हा प्रसिद्धीवाली म्हणाली, "आजी, तुम्ही बूट कसे तयार करता ते दाखवा ना. लोकांना फार आवडतं ते."

हे सांगायला हवं, कारण सगळं यावरच अडलं. आम्ही बोटांच्या टोकावर उभ्या राहतो ते बूट दुकानातून येतात तसे घालता येत नाहीत. पुढचं टोक कापड आणि सरस थापून कडक केलेलं असतं, आणि तळाला एक ताठ पट्टी असते. नवा बूट लाकडासारखा असतो. म्हणून प्रत्येक नर्तकी तो आपल्या पायाला वळण लावून घेते. कुणी दाराच्या फटीत चेपते, कुणी हातोडीने ठोकते, कुणी पट्टी मधेच मोडते. प्रत्येकीची रीत वेगळी, पण एक गोष्ट सारखी: जे उजव्याला करायचं तेच डाव्याला. दोन बूट दोन तऱ्हेचे कुणी करत नाही. करतेच कुणी, तर तिचा एक पाय बिघडलाय असं समजावं.

मी कपडेपटाच्या पायरीवर बसले. फोन समोर उभा केला. रविवारचीच जोडी घेतली होती, कारण नुसतं दाखवण्यासाठी एक चांगली जोडी वाया घालवणं मला जमलं नाही. आईचीच मुलगी मी. उजवा बूट घेतला, टोकावर हातोडीचे चार घाव घातले, तळाची पट्टी वाकवून मोडली, फिती शिवल्या. बोलत होते छान. "हा बूट म्हणजे आमचा जिवलग," असलं काहीतरी. मग डावा घेतला. त्याला हात लावला नाही. ठोकला नाही, पट्टी मोडली नाही. कडक बूट दुखऱ्या हाडाला आधार देतो म्हणून तसाच ठेवला, आत लोकरीचा एक जादा थर दाबून बसवला आणि फिती शिवून टाकल्या. गेले कितीतरी दिवस हेच करत होते, त्यामुळे हाताने आपलं आपण केलं. तोंड बोलत होतं आणि हात खरं सांगत होते.

व्हिडिओ लोकांना फार आवडला. माझे हात किती सुंदर आहेत असं कुणीतरी लिहिलं. एका बाईने लिहिलं, माझ्या मुलीला तुमच्यासारखं व्हायचंय. मी ते जेवताना वाचत होते आणि मनातून सुखावलेही होते, उगाच कशाला खोटं बोलू. मग खाली पेन्सिलची ओळ दिसली.

"डावा का नाही ठोकलास गं?" पुढे एक बदाम.

घास तोंडातच राहिला. मी व्हिडिओ पुन्हा लावला. उजवा ठोकते, मोडते. डावा ठोकत नाही, मोडत नाही. आख्ख्या जगाला दिसेल असं, चांगल्या उजेडात. जगाला काही कळणार नव्हतं. पण आमच्या इमारतीत असलेल्या प्रत्येक माणसाला कळणार होतं, आणि ज्याला कळलं नसतं त्याच्यासाठी पेन्सिलने बोट ठेवून दिलं होतं.

मी प्रसिद्धीवालीला फोन करून म्हटलं, ती ओळ काढ. ती म्हणाली, "का हो? किती गोड प्रश्न आहे. उत्तर द्या ना तुम्ही."

पुढचे दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तालमीत मी सगळ्या उड्या मारल्या, डाव्या पायावर उतरले, तोंडावरची रेघ हलू दिली नाही. डायरेक्टर भिंतीला टेकून बघत होते. ते स्वतः मोठे नर्तक होते, आणि आता गुडघे गेल्यामुळे दुसऱ्यांचे पाय बघतात. ते बूट बघत होते, मला बघत नव्हते.

आमच्याकडे वाईट बातमी माणूस सांगत नाही, कपडे सांगतात. भूमिकेत बदल झाला की सूचनाफलकावर नाव दुसऱ्या दिवशी लागतं, पण पोशाख आदल्या संध्याकाळीच बदलावा लागतो. त्यामुळे कपडेपटाला सगळं आधी कळतं. थोरल्या बहिणीचा पोशाख कंपनीकडे एकच आहे, राखाडी, अंगासरसा, पाठीवर अडकवायचे आकडे. शुक्रवारी मी शेवटचा घालून बघावा म्हणून गेले. शिवणमावशी मशीनवर होत्या. पोशाख त्यांच्यासमोर उलटा पडला होता, आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून आत घेतल्या होत्या. चांगल्या बोटभर.

त्या पोशाखात आता मी मावणार नव्हते. कंपनीत तेवढी बारीक एकच आहे.

मावशींनी वर बघितलं. "मला वाटलं तुला सांगितलं असेल," त्या म्हणाल्या.

"सांगितलं," मी म्हटलं. "आत्ताच."

तासाभराने डायरेक्टरांनी बोलावलं. आमच्यात त्यांच्या खोलीत उभ्यानेच बोलायची पद्धत आहे. रागावणं उभ्याने, शाबासकी उभ्याने. मी आत गेले तेव्हा ते स्वतः उठले आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. फिजिओ खिडकीपाशी उभा होता.

"बस ना," डायरेक्टर म्हणाले.

मी बसले. फिजिओने गुडघ्यावर बसून माझा डावा पाय हातात घेतला आणि त्या हाडावर अंगठा दाबला. मी हूं की चूं केलं नाही. पण माझ्या हाताने खुर्चीची कड धरली, आणि ते तिघांनाही दिसलं. पुन्हा हातच.

"कधीपासून?" फिजिओने विचारलं.

"परवापासून."

"ही परवाची नाही," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

डायरेक्टर फार प्रेमाने बोलले. तू कंपनीचा कणा आहेस, म्हणाले. आधी पाय बरा कर. पुढच्या हंगामाचं आपण सावकाश बोलू. मी या माणसाला पुष्कळ वर्षं ओळखते. ते ज्याला ठेवणार असतात त्याच्यावर ओरडतात. सावकाश बोलू असं त्यांनी आजवर ज्यांना म्हटलं, त्या सगळ्या आता लहान मुलींचे वर्ग घेतात.

बाहेर आले तेव्हा हातात एक जाड प्लास्टिकचा बूट होता, गुडघ्यापर्यंत येणारा, पट्ट्यांनी आवळायचा. आता हाच घालायचा, फिजिओ म्हणाला. डाव्या पायात.

घरी येऊन आईला फोन लावला. सांगायचंच असं ठरवून लावला होता. दादाने उचलला. "तिच्याशी बोल बाई तूच," तो म्हणाला. "धुलाईखान्यात सगळ्यांना सांगून झालंय. पार डॉक्टरांना सांगून आली. वहिनीने तिचे केस कापून दिले."

मग आईचा आवाज आला. "आता काही सांगत बसू नकोस हं मला," ती म्हणाली. "नीट झोप. खा नीट. मी येते आपली वेळेवर आणि बसते माझ्या खुर्चीत. यावेळी सारखं इकडे तिकडे शोधायचं नाही, एवढंच किती बरं आहे."

"आई—"

"रविवारी बोल." तिने फोन ठेवला. तिला वाटत होतं मी घाबरले आहे.

मी पुन्हा लावू शकले असते. लावला नाही. वाटलं, रविवारी पडदा उघडायच्या आधी दारात गाठीन आणि तोंडावर सांगीन. वाटलं ते खरं, पण अगदी खरं विचाराल तर त्या आवाजाला ते सांगायची माझी छाती झाली नाही.

शनिवारी मी माझं सामान आवरायला गेले. पेन्सिल आरशापुढे एकटीच होती, माझ्या कंगव्याने केस विंचरत.

"मुद्दाम लिहिलंस?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

ती नाही म्हणेल, गळ्यात पडेल, शपथा घेईल, अशी माझी तयारी होती. त्यावर काय बोलायचं तेही ठरलं होतं. ते सगळं वाया गेलं.

"मग बदाम कशाला काढलास?"

"नुसतं लिहिलं असतं तर वाईट दिसलं असतं." तिने कंगवा खाली ठेवला. "त्या शेवटच्या उडीत तू पडली असतीस, आजी. हाड पार मोडलं असतं तुझं. आणि मला तो नाच हवा होता. दोन्ही खरं आहे. त्यातलं आधी कुठलं मनात आलं ते नको विचारूस."

"तोंडावर सांगायचं होतंस."

"ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. उलट तिच्यावरच उलटले असते, आणि रविवारपर्यंत तिच्याशी बोलले नसते. पण हे मी तिला कशाला सांगू? मी माझ्या पिना मोजल्यासारखं करत डब्यात टाकत राहिले. मला तिचा गळा धरावासा वाटत होता आणि तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं हेही मला ठाऊक होतं. मी बदामसुद्धा दोन काढले असते.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ते शेवटी वळून बघणं आहे ना, ते तुझं आहे. मूळ नाचात नाही. ठेवू की काढू?"

थोरली बहीण निघून जाताना नाचात सरळ जाते, मागे बघत नाही. मी तालमीत एकदा विंगेपाशी पोहोचल्यावर थांबून, मान थोडीशीच वळवून मागे बघितलं होतं, आणि संगीत संपल्यावर क्षणभर तशीच राहिले होते. डायरेक्टर काही बोलले नाहीत, म्हणजे आवडलं. माझ्या सगळ्या नोकरीत माझं म्हणावं असं एवढंच एक होतं.

"ठेव," मी म्हटलं.

काढ म्हटलं असतं तर नाच उणा झाला असता, आणि नाच उणा झालेला मला बघवत नाही. याच रोगाने माझं वाटोळं केलं.

रविवारी दुपारी मी प्लास्टिकच्या बुटात खडखडत गेले तेव्हा प्रसिद्धीवाली दारातच उभी होती. तिला एक कल्पना सुचली होती. मी पेन्सिलच्या पाठीवरचे आकडे लावते आहे, असा एक व्हिडिओ. "किती मोठं मन," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी आकडे लावले. खालून वर, एकेक. व्हिडिओत बूट येऊ नये म्हणून प्रसिद्धीवालीने मला कंबरेपासून वरच घेतलं. आमच्या कंपनीच्या पानावर आजवर सगळ्यांत जास्त बदाम त्याच झलकेला पडले आहेत, असं तिने मला नंतर कळवलं.

मग मी आईला शोधायला प्रेक्षकांच्या दाराशी गेले. ती आली नव्हती. लोक आत गेले, घंटा झाली, कर्ण्यावर भूमिकेतला बदल जाहीर झाला, दिवे गेले, तरी ती नव्हती. बस उशिरा आली होती. दारावरच्या माणसाने नंतर मला सांगितलं, एक बाई धावत आल्या, त्यांना पहिल्या अंकाच्या मध्यावर अंधारात आत सोडलं, सारख्या विचारत होत्या, एकटीचा नाच झाला का, एकटीचा नाच झाला का.

तोवर मी विंगेत उभी होते, आणि या प्रयोगाला मध्यंतर नसतं. पेन्सिल फार सुंदर नाचली. वाईट नाचली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती चांगलीच नाचली. चेहऱ्यावर राखाडी जाळी, डोक्यावर मिठाचे खडे लावलेला उंच टोप. त्यात कुणाचं तोंड दिसत नाही. शेवटच्या उडीतून ती डाव्या पायावर उतरली आणि आवाजसुद्धा आला नाही. मग ती माझ्याकडे चालत आली, विंगेपाशी थांबली, मान वळवली. संगीत थांबलं. सभागृहात कुणी खोकलं नाही. मी माझी जागा बाहेरून पहिल्यांदाच बघत होते.

प्रयोग सुटल्यावर मी कपडेपटाच्या बाकाखाली तो प्लास्टिकचा बूट सरकवला आणि पायात माझा रोजचा बूट घातला. आईला आधी धक्का नको, शांतपणे सांगीन, एवढ्यासाठीच घातला.

आई मागच्या दारापाशी उभी होती. नवा कोट, कापलेले केस, हातात प्रयोगाची पुस्तिका. डोळे लाल झाले होते. मला बघताच तिने दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं.

"आज ओळखलं," ती म्हणाली. "तू आल्या आल्या ओळखलं. कुणाला विचारावं लागलं नाही."

"आई, ऐक—"

"थांब, मला बोलू दे. बसमध्ये विसरून जाईन. जाता जाता वळून बघितलंस ना, तिथे माझं काळीज हललं. शेजारच्या बाईला म्हटलं, माझी लेक आहे ही. ती म्हणाली, नशीबवान आहात." तिने नाक पुसलं. "एवढी वर्षं मला वाटायचं, पोर कशासाठी हाडं झिजवते? कळत नव्हतं गं मला. खोटं नाही सांगत, कधी कधी राग यायचा. आज कळलं."

मी तोंड उघडलं होतं. शब्दही तयार होते: ती मी नव्हते. एवढंच बोलायचं होतं.

"आणि तुझा डावा पाय," आई म्हणाली. "लहानपणापासून जरा आत वळायचा. मी किती चोळायचे. आज कसा सरळ पडत होता. अगदी बरा झाला की."

आमच्या मागून दार उघडलं. पेन्सिल बाहेर आली, केस ओले, तोंड धुतलेलं. तिने आईचं शेवटचं बोलणं ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती माझ्याकडे बघत थांबली. मी सांगावं म्हणून थांबली, की सांगू नये म्हणून, ते ठाऊक नाही.

"हो आई," मी म्हटलं. "बरा झाला."

पेन्सिल आमच्या बाजूने निघून गेली. "ही कोण गं?" आईने विचारलं.

"समूहात असते."

"हो का. दिसली नाही मला."

परतीच्या बसला थोडाच वेळ होता. थांबा कोपऱ्यावर, रस्ता सरळ. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिने माझा हात धरला, नेमका डाव्या बाजूने, आणि आपला भार माझ्यावर टाकून चालायला लागली. मी लंगडले नाही. प्रत्येक पावलाला ते हाड आत सरकत होतं, आणि मी खांदे खाली, मान लांब, तोंडावरची रेघ न हलवता चालत होते. इतकं अवघड मी आयुष्यात काही नाचले नाही, आणि आई दुकानांच्या काचांकडे बघत, वहिनीने डब्यात काय काय दिलं ते सांगत होती.

बस उभीच होती. तिला खिडकीपाशी जागा मिळाली. तिने पुस्तिका उघडली आणि माझं पान शोधलं. बदल व्हायच्या आधीच छापली होती, त्यामुळे त्यात माझंच छायाचित्र होतं. टोप नाही, जाळी नाही, नुसती मी. आईने ते जवळ धरून बघितलं, लांब धरून बघितलं, मग काच सरकवून माझ्याकडे वाकली.

"फोटो काही बरा आला नाही गं," ती म्हणाली. "तुझ्यासारखा वाटतच नाही."

"दुसरा काढू," मी म्हटलं.

बस निघाली. आई हात हलवत होती. बस कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दोन्ही पायांवर सरळ उभी राहिले.